बाटलीवर नाव नसतं

30 जुलै 2019 रोजी बीसीसीआयने जाहीर केलं की पृथ्वी शॉ उत्तेजक चाचणीत सापडला आहे. त्याचा नमुना घेतला होता 22 फेब्रुवारीला, इंदूरला, सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या एका सामन्याच्या वेळी. म्हणजे मध्ये पाच महिने गेले. या पाच महिन्यांत तो दिल्लीकडून आयपीएल खेळला आणि चाचणीची बातमी कुठे फुटली नाही. जाहीर झालं तेव्हा सगळं एकदमच जाहीर झालं. द्रव्य कोणतं, तर टर्ब्युटलिन, खोकल्याच्या औषधात असतं ते. खुलासा काय, तो मान्य झाला का, शिक्षा किती, तेही त्याच पत्रकात. आठ महिन्यांची बंदी मागच्या 16 मार्चपासून मोजली आणि 15 नोव्हेंबरला ती संपलीसुद्धा.

त्याआधी युसुफ पठाणचंही असंच झालं होतं. नमुना मार्च 2017चा, घोषणा 9 जानेवारी 2018ची आणि बंदी संपली 14 जानेवारीला. लोकांनी बातमी वाचून पेपर घडी करून ठेवेपर्यंत प्रकरण मिटलं होतं.

आता संजीता चानू. मणिपूरची वेटलिफ्टर, 2014 साली ग्लासगोत राष्ट्रकुल सुवर्ण, एप्रिल 2018 मध्ये गोल्ड कोस्टला पुन्हा सुवर्ण. दुसऱ्या सुवर्णाला दोन महिने होण्याआधीच आंतरराष्ट्रीय वेटलिफ्टिंग महासंघाने जाहीर केलं की नोव्हेंबर 2017च्या तिच्या नमुन्यात टेस्टोस्टेरॉन सापडलं आहे. सुनावणी झालेली नव्हती, बी नमुन्याचा, म्हणजे फेरतपासणीसाठी राखलेल्या दुसऱ्या बाटलीचा, निकाल कुणी पाहिलेला नव्हता. त्याच संध्याकाळी देशभर तिचा फोटो झळकला, पदक दातात धरलेला, आणि खाली ‘डोपिंगमध्ये अडकली’.

मग उघड झालं की महासंघाच्या पत्रव्यवहारात नमुन्याचे क्रमांक जुळत नाहीत. एका जागी एक क्रमांक, दुसऱ्या जागी दुसरा. महासंघाने ही चूक कबूल केली. जानेवारी 2019 मध्ये तात्पुरती बंदी उठली, पण प्रकरण लोंबकळत राहिलं आणि जून 2020 मध्ये, नमुना हाताळण्यातल्या त्रुटींमुळे, आरोपच मागे घेतले गेले. तोपर्यंत जकार्ताची आशियाई स्पर्धा होऊन गेली होती. टोकियो ऑलिंपिकच्या पात्रतेतली मोलाची वर्षंही गेली होती. तिने माफी मागितली जावी अशी मागणी केली, नुकसानभरपाई मागितली. ही बातमी तुमच्यापैकी किती जणांनी वाचली? आत, क्रीडा पानाच्या तळाला, सिंगल कॉलम.

पृथ्वी शॉबद्दल माझी काडीची तक्रार नाही. त्याच्या बाबतीत जे झालं तेच व्हायला हवं. आधी चौकशी, मग निर्णय, मग नाव. माझं म्हणणं एवढंच आहे की मुंबईच्या क्रिकेटपटूला मिळालेलं हे संरक्षण मणिपूरच्या मुलीलाही मिळायला हवं, बीडच्या धावपटूलाही आणि कोल्हापूरच्या तालमीतल्या पोरालाही. आणि ते मिळेपर्यंत, निदान आपण पत्रकारांनी, सिद्ध न झालेल्या आरोपात खेळाडूचं नाव छापू नये.

कुणी म्हणेल, चानूचं पुढे काय झालं तेही सांगा. सांगतो. गुजरातमधल्या 2022च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेच्या वेळी घेतलेल्या नमुन्यात ड्रोस्टॅनोलोन हे स्टेरॉइड सापडलं आणि 2023 मध्ये राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे नाडाच्या, शिस्तपालन समितीने तिला चार वर्षांची बंदी घातली. ते प्रकरण वेगळं, त्याची शिक्षा वेगळी. पण हे ऐकलं की लोक लगेच म्हणतात, ‘बघा, आग असल्याशिवाय धूर निघतो का!’ हीच आपली खोड आहे. 2023च्या निर्णयाने 2018ची घाई बरोबर ठरत नाही. 2018 मध्ये पुरावा धड नव्हता आणि तो धड नाही हे नंतर आरोप करणाऱ्यांनाच मान्य करावं लागलं. एका गुन्ह्यात सापडलेल्या माणसावर आधीचे सगळे न सुटलेले गुन्हे ठोकून द्यायचे, हे पोलीस चौकीत चाललं तर आपण अग्रलेख लिहितो.

आता जरा चाचणीच्या खोलीत जाऊ. कारण बातमी लिहिणाऱ्या बहुतेकांनी ती खोली पाहिलेली नसते. खेळाडू स्पर्धा संपवून येतो, घामाने निथळत. सोबत एक माणूस चिकटलेला असतो, तो नजरेआड होऊ देत नाही. पाणी पीत बसायचं. लघवी होईना तर तास तास बसायचं. सीलबंद भांड्यांतलं एक भांडं खेळाडू स्वतः निवडतो. आत जातो तेव्हाही तो माणूस समोर उभा, शर्ट छातीपर्यंत वर, पँट गुडघ्यापर्यंत खाली, त्याला सगळं दिसलं पाहिजे. किमान 90 मिलिलिटर भरावं लागतं, कमी पडलं तर परत पाणी, परत वाट बघणं. मग खेळाडूच्या हातानेच ते दोन बाटल्यांत ओतायचं, ए आणि बी. झाकण फिरवलं की कट्-कट् आवाज येतो आणि ते परत उघडत नाही, प्रयोगशाळेत फोडावंच लागतं. दोन्ही बाटल्यांवर एकच क्रमांक. फॉर्मवर गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं लिहायची, सही करायची. प्रयोगशाळेकडे त्या फॉर्मची जी प्रत जाते तिच्यावर खेळाडूचं नाव नसतं. तपासणारा माणूस कुणाची लघवी तपासतोय हे त्याला कळू नये म्हणून ही सगळी व्यवस्था आहे.

एवढी काळजी घेऊन लपवलेलं नाव, ए बाटलीचा अहवाल आला की दोन-चार दिवसांत पहिल्या पानावर येतं. बी बाटली तेव्हा अजून फ्रीझरमध्ये पडून असते.

आणि ती बाटली काही शोभेची नसते. ऑस्ट्रेलियाच्या पीटर बोलला विचारा. सुदानमध्ये जन्मलेला, लहानपणी ऑस्ट्रेलियात आलेला हा 800 मीटरचा धावपटू टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि अख्खा देश त्याच्यासाठी टीव्हीसमोर बसला होता. ऑक्टोबर 2022 मध्ये घेतलेल्या त्याच्या ए नमुन्यात कृत्रिम ईपीओ सापडल्याचा अहवाल आला. जानेवारी 2023 मध्ये ती बातमी माध्यमांत फुटली आणि फुटलीही कधी, तर ‘यंग ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ या सन्मानासाठी तो आपल्या राज्याचा उमेदवार असताना, समारंभ तोंडावर आलेला असताना. फेब्रुवारीत बी नमुन्याचा निकाल आला. त्यात ईपीओ असल्याचं निश्चित म्हणता येईना. तात्पुरती बंदी उठली. ऑगस्टमध्ये तपास बंद झाला.

ईपीओची चाचणी कशी असते हे बातम्यांत फारसं कुणी सांगितलं नाही. रक्तातली साखर मोजावी तसा तिथे एक आकडा येत नाही. जेलवर प्रथिनांच्या पट्ट्या उमटतात, त्यांची प्रतिमा तज्ज्ञ डोळ्यांनी वाचतात. पट्टी किती खाली सरकली, कडा किती पसरट आहे, यावर मत बनवायचं असतं. दोन जाणकारांची मतं वेगळी पडू शकतात आणि बोलच्या बाबतीत ती पडली. ज्या गोष्टीवर तज्ज्ञांचं एकमत नव्हतं, तिच्यावर चर्चेच्या कार्यक्रमांतून निकाल लागून गेला होता.

त्याच्याही आधीचं, 1994चं उदाहरण आहे ब्रिटनच्या डायान मोडालचं. 1990च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 800 मीटरचं सुवर्ण जिंकलेली ही धावपटू पुढच्या स्पर्धेसाठी कॅनडात व्हिक्टोरियाला पोचली होती आणि तिथूनच तिला घरी पाठवलं. जूनमध्ये लिस्बनला घेतलेल्या तिच्या नमुन्यात टेस्टोस्टेरॉनचं प्रमाण अशक्य वाटावं इतकं जास्त होतं. ते खरोखरच अशक्य होतं. नमुना उन्हाळ्यात फ्रीजबाहेर पडून राहिला होता आणि त्यात वाढलेल्या जिवाणूंनी तो बिघडवला असण्याची शक्यता शास्त्रज्ञांनी दाखवून दिली. 1995 मध्ये अपिलात ती सुटली, 1996 मध्ये जागतिक महासंघानेही ते मान्य केलं. मग ती नुकसानभरपाईसाठी कोर्टात लढत राहिली, वर्षानुवर्षं, आणि तिथे हरली. धावण्याची ती वर्षं कुणी परत देणार नव्हतंच.

आपल्याकडे सुनीता राणी आठवते? 2002ची बुसान आशियाई स्पर्धा. पंजाबच्या या मुलीने 1500 मीटरमध्ये सुवर्ण आणि 5000 मीटरमध्ये कांस्य मिळवलं. मग नॅन्ड्रोलोन सापडल्याचा अहवाल आला, पदकं काढून घेतली. मग प्रयोगशाळेच्या कामातले घोळ बाहेर आले आणि काही महिन्यांत पदकं परत मिळाली. ती बुसानला 1500 मीटर धावली होती 4 मिनिटं 6.03 सेकंदांत. तो राष्ट्रीय विक्रम मोडायला 2021 उजाडलं, तेव्हा हरमिलन बैन्सने तो मोडला. जवळजवळ 19 वर्षं तो विक्रम टिकला. तरी आजही चाळिशीच्या पुढच्या क्रीडाप्रेमीला सुनीता राणी म्हटलं की आधी ‘ती डोपिंगवाली ना?’ हेच आठवतं. हे मी क्लबांत, स्टेडियमच्या पायऱ्यांवर, प्रेस बॉक्समध्ये ऐकलेलं आहे आणि प्रत्येक वेळी ऐकून संताप येतो.

प्रयोगशाळा चुकतात. 2019 मध्ये खुद्द दिल्लीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेची मान्यता जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे वाडाने, स्थगित केली, ती परत मिळायला डिसेंबर 2021 उजाडला. ‘अहवाल आला म्हणजे झालं’ असं म्हणणाऱ्यांनी हे तरी ध्यानात ठेवावं.

वाडाच्या नियमावलीत नाव जाहीर करणं बंधनकारक आहे ते अंतिम निर्णयानंतर, 20 दिवसांच्या आत. त्याआधी, खेळाडूला कळवून झाल्यावर, संस्थेला ते जाहीर करता येतं. करायलाच हवं असं नाही. पण खरी मेख पुढे आहे. चौकशीत खेळाडू निर्दोष ठरला तर त्या निकालाचा तपशील त्याच्या संमतीशिवाय जाहीर करता येत नाही. नियम खेळाडूच्या खासगीपणासाठी केला आहे, हेतू चांगला आहे. पण नाव आधीच चव्हाट्यावर आणलं असेल तर काय होतं? आरोप गावभर होतो आणि सुटका बंद लिफाफ्यात होते. तो लिफाफा आपल्या हाताने उघडून, पेपरांच्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत ‘माझी सुटका झाली, तेवढं छापा हो’ म्हणून फिरण्याची वेळ खेळाडूवरच येते.

नरसिंग यादवचं प्रकरण महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. मुंबईत वाढलेला, ओळीने तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला पैलवान. रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर जुलै 2016 मध्ये त्याच्या नमुन्यात मिथॅन्डिनोन सापडलं. 1 ऑगस्टला नाडाने त्याला सोडलं, कट झाला हे मान्य करून. 18 ऑगस्टला, कुस्तीच्या आदल्या दिवशी, क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली आणि कटाचा पुरावा नाही असं म्हटलं. त्या निर्णयावर मी इथे वाद घालत नाही.

मला आठवतो तो दुसराच मुलगा. सोनीपतच्या केंद्रात सराव करणारा एक तरुण पैलवान. त्याने नरसिंगच्या जेवणात काहीतरी मिसळलं असा आरोप झाला आणि चॅनलांनी त्याचं नाव, त्याचा फोटो, त्याच्या भावाचं नाव, सगळं दिवसभर दाखवलं. लवादाने कटाची गोष्ट मानली नाही तेव्हा त्या पोराचं नाव मागे घ्यायला कुठला कॅमेरा गेला? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे चोरी झाली होती का हेच ठरलेलं नव्हतं. मी त्याचं नाव इथे लिहिणार नाही. तुम्हीही शोधू नका.

आता समोरचा मुद्दा. माध्यमांनी गप्प बसायचं ठरवलं असतं तर सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग सापडला असता का? नसता, आणि म्हणूनच मी गप्प बसा म्हणत नाही. पण डेव्हिड वॉल्श या पत्रकाराने काय केलं ते नीट पाहा. तो वर्षानुवर्षं माणसांना भेटला. संघात मालिश करणारी एमा ओ’रायली स्वतःच्या नावानिशी बोलली. संघसहकाऱ्याची बायको बेट्सी अँड्रू स्वतःच्या नावानिशी बोलली. 2004 मध्ये पुस्तक आलं, ‘संडे टाइम्स’ने मजकूर छापला, आर्मस्ट्राँगने खटला भरला आणि 2006 मध्ये पेपरला पैसे मोजून तडजोड करावी लागली. 2012 मध्ये अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने सगळं बाहेर काढलं, जानेवारी 2013 मध्ये त्याने टीव्हीवर कबुली दिली. वॉल्शने आरोप केला तेव्हा पुराव्याचं ओझं स्वतःच्या डोक्यावर घेतलं होतं, पेपरने त्याची किंमत भरली होती. आणि त्या सगळ्या वर्षांत आर्मस्ट्राँगला एकाही चाचणीने खाली आणलं नव्हतं, त्याला खाली आणलं माणसांच्या साक्षींनी.

याची तुलना ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ बरोबर करू नका. कुठल्या तरी महासंघाच्या कचेरीतून कुणीतरी, प्रतिस्पर्धी गटाला खाली खेचायला, एक पीडीएफ फॉरवर्ड करतो आणि रात्री साडेदहाला डेस्कवर ती बातमी होते. यात शोध कुठे आहे? पत्रकाराने कुणाला विचारलं? खेळाडूचा फोन ‘लागू शकला नाही’, कारण तो बातमी पाठवण्याआधी पाच मिनिटं लावलेला असतो.

एक प्रकरण मात्र खरंच अवघड आहे. फेब्रुवारी 2022, बीजिंग हिवाळी ऑलिंपिक. फिगर स्केटिंगच्या सांघिक पदकांचा समारंभ अचानक लांबला. रशियाच्या चमूत सहा स्केटर. नाव न सांगावं तर सहाही जणांकडे बोट. सांगावं तर कामिला व्हॅलिएवा 15 वर्षांची, नियमांनी संरक्षण दिलेली अल्पवयीन मुलगी. माध्यमांनी नाव फोडलं. नंतर चाचणी करणाऱ्या संस्थेने, नाव बाहेर आलंच आहे म्हणून, अधिकृत निवेदन काढलं. मुलगी बर्फावर वारंवार पडली, चौथी आली, रडत बाहेर गेली, आणि सगळं जगाने थेट पाहिलं. जानेवारी 2024 मध्ये लवादाने तिला दोषी ठरवलं. तरी माझं मत बदलत नाही. नमुना घेतला होता 25 डिसेंबरला आणि स्टॉकहोमच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला 8 फेब्रुवारीला, स्पर्धा चालू असताना. हा उशीर का झाला, 15 वर्षांच्या मुलीला हृदयविकाराचं औषध कुठून मिळालं, तिच्याभोवतीचे प्रशिक्षक आणि डॉक्टर कोण, हे प्रश्न तिच्या फोटोशिवायही विचारता आले असते. ते विचारणं जास्त कष्टाचं होतं, एवढंच.

भारतात उत्तेजकांचा रोग नाही असं कुणी म्हणू नये. पाच हजारांहून जास्त नमुने तपासणाऱ्या देशांत 2023 मध्ये आपला सापडण्याचा दर सर्वांत वर होता, 3.8 टक्के. सप्टेंबर 2023 मध्ये दिल्लीत, जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर राज्य स्पर्धेत नाडाची माणसं आल्याचं कळलं आणि 100 मीटरच्या अंतिम फेरीत धावायला एकच धावपटू उरला. स्वच्छतागृहात वापरलेल्या सिरिंजा पडल्या होत्या. त्या सिरिंजांचा व्हिडिओ ही पत्रकारिता आहे. त्या सिरिंजा विकणारा दुकानदार कोण, जिल्हा पातळीवरच्या पोराला त्या टोचायला शिकवणारा कोण, क्रीडा कोट्यातल्या नोकरीसाठी एका पदकाची किंमत किती झाली आहे, हे शोधा. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. ज्या घरात ती नोकरी म्हणजे दोन पिढ्यांचा आधार, तिथे मुलगा मोहात पडतोही, आणि तिथेच खोट्या आरोपाने घर बसतंही. दोन्ही गोष्टी लिहायला हव्यात. दोन्हीसाठी स्टेडियमवर जावं लागतं.

म्हणून क्रीडा संपादकांना माझं उघड सांगणं आहे. ए नमुन्याचा अहवाल फुटून हातात आला तर खेळ लिहा, द्रव्य लिहा, कोणत्या शिबिरात नमुना घेतला ते लिहा, नाव ठेवून द्या. निर्णय झाला की नाव छापा, ठळक छापा, मी पहिला वाचेन. एखाद्या संस्थेने अधिकृत पत्रक काढून नाव आधीच जाहीर केलं असेल आणि तुम्हाला छापावंच लागलं, तर त्याच बातमीत लिहा की सुनावणी बाकी आहे. आणि डायरीत नोंद करून ठेवा. सुटका झाली की त्याच पानावर, त्याच जागी, तेवढ्याच कॉलमांत बातमी. आज वाचक नाव शोधतो तो फोनवर, म्हणून जुन्या बातमीच्या डोक्यावरही ‘या प्रकरणात खेळाडू निर्दोष ठरली’ ही ओळ चिकटवा. त्याला पाच मिनिटं लागतात.

नाडाकडेही एक मागणी आहे. तात्पुरत्या बंदीतल्या खेळाडूंची यादी नाडा स्वतःच संकेतस्थळावर टाकते आणि आमच्यातले अर्धे जण तिथूनच नावं उचलतात. सुनावणी लांबते, यादी तशीच राहते. ती यादी निर्णय होईपर्यंत क्रमांकांची ठेवा, नावांची नको. प्रयोगशाळेला क्रमांकावर भागतं तर आम्हालाही काही महिने भागेल.